जिन्यावरची थोरली

नळीत फुंकर मारायची होती, एवढंच.

शाळेच्या प्रयोगशाळेबाहेर नववीची रांग लागली होती. आधी छोटी बाटलीभर गोड पाणी प्यायचं, मग थोडा वेळ गप्प बसायचं, आणि मग एका पांढऱ्या नळीत सावकाश, लांब फुंकर सोडायची. शरीर पोटात गेलेल्या साखरेचं काय करतं, हे बाहेर येणाऱ्या श्वासातल्या वायूंवरून ओळखणारं यंत्र नळीच्या टोकाला होतं. त्या वर्षापासून मिरजेच्या सगळ्या शाळांत ही तपासणी सुरू झाली होती. मुलांना गोड पाणी आवडलं, गप्प बसणं मात्र कुणालाच जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी पुढच्या तपासणीसाठी काही नावं वाचली. त्यात उर्वी आवटी हे नाव आलं तेव्हा सगळा वर्ग हसला. उर्वीला शाळेत 'काडी' म्हणायचे. तिच्या मनगटात मोठ्या बांगड्या राहत नसत. खो-खोत ती खांबामागे उभी राहिली तर दिसायची नाही, असं मुली म्हणायच्या. आणि मागच्या बाकावरच्या गुबगुबीत प्रथमेश कुल्लोळीचं नाव यादीत नव्हतं.

"यंत्र उलटं धरलं असणार," प्रथमेश म्हणाला, आणि वर्ग पुन्हा हसला. उर्वीही हसली.

तिची आई, शैलजा, हसली नाही. मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत तिची खानावळ होती. विजापूर, बेळगाव, कोल्हापूरकडून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक तिच्याकडे जेवायचे. माणूस कितीही काळजीत असला तरी शैलजाच्या पानावर बसला की दोन घास जास्त जायचे. ती समोर उभी राहून वाढायची. "घ्या की अजून. उपाशी राहून पेशंट बरा होतो का?" असं म्हणायची, आणि तिचं म्हणणं कुणी मोडत नसे.

"तुला?" ती उर्वीला म्हणाली. "वजन वाढल्याचा आजार? तुला?"

"बाई म्हणाल्या, वजनाचं नाहीये ते."

"मग कशाचं आहे, ते मीच विचारते त्यांना."

*

किशोर आरोग्य केंद्र एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात होतं. बाहेर तिकिटाची खिडकी अजून तशीच होती. आतल्या बहुतेक खुर्च्या काढून टाकल्या होत्या. उंच छताखाली दुपारचा उजेड झरोक्यांतून तिरका उतरायचा आणि त्यात धूळ फार संथपणे तरंगत राहायची. बोललं तर आवाज थोडा उशिरा परत यायचा. उर्वीला तिथे पाऊल टाकताक्षणी झोपेत शिरल्यासारखं वाटलं.

डॉक्टर फरझाना मुजावर पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या बाई होत्या. त्यांनी उर्वीचं रक्त घेतलं, पोटावरून ध्वनिलहरींचं यंत्र फिरवलं, मुठीचा जोर मोजायला एक दांडा आवळायला लावला, दंडावर दिवसरात्र साखर टिपणारी नखाएवढी पट्टी चिकटवली. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं आणि दोघींना समोर बसवून पडद्यावर एक चित्र दाखवलं. उर्वीच्या आतलं चित्र. यकृताच्या जागी पिवळसर ठिपके होते.

"काटा माणूस किती आहे ते सांगतो, ताई," डॉक्टर म्हणाल्या. "चरबी कुठे आहे ते त्याला कळत नाही. हिच्या हातापायांवर चरबी नाही, पण स्नायूही नाहीत. जी काही चरबी आहे ती यकृतात आणि आतड्यांभोवती जाऊन बसलीय. तिथे ती त्रास देते."

"काय त्रास? ही तर धावते, पळते."

"आपण जेवलो की रक्तात साखर येते. ती पेशींच्या आत जायला हवी. इन्शुलिन पेशींचं दार ठोठावतं, पेशी दार उघडतात, साखर आत जाते. हिच्या पेशींना ते ठोठावणं नीट ऐकू येईनासं झालंय. म्हणून हिचं शरीर जास्त इन्शुलिन सोडतं, जास्त जोराने ठोठावतं. दार उघडतं. साखर मोजली तर अगदी बरोबर येते. पूर्वीच्या तपासण्यांत हिला कुणी थांबवलंही नसतं. पण ठोठावणारा हात दमत चाललाय." त्यांनी पडद्यावरच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "मोठेपणी पोटाचा घेर, रक्तदाब, रक्तातली चरबी, साखर असं सगळं मिळून येतं, त्याला आम्ही मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतो. चाळिशीतला पेशंट माझ्या डॉक्टर मैत्रिणींकडे येतो तेव्हा हे सगळे पाहुणे त्याच्या घरात मुक्कामाला आलेले असतात. उर्वीकडे अजून फाटकाशी उभे आहेत. या वयात त्यांना परत पाठवता येतं."

मग त्यांनी विचारलं, "जन्मली तेव्हा वजन किती होतं हिचं?"

शैलजाने उर्वीकडे बघितलं. "पावणेदोन किलो. काचेच्या पेटीत होती."

"पोटात असताना पुरेसं अन्न पोचलं नाही की बाळ काटकसर शिकतं. स्नायू बेताचे करतं आणि मिळेल ते साठवायला बघतं. मग बाहेर आल्यावर..."

"बाहेर आल्यावर मी भरवत राहिले," शैलजा म्हणाली.

"तुमची चूक नाही त्यात, ताई."

"मी कुठं म्हटलं माझी चूक आहे म्हणून?"

आवाज छतापर्यंत जाऊन परत आला. डॉक्टर उठल्या. "तुम्हाला छाया दाखवते," त्या म्हणाल्या.

पूर्वी जिथे चित्रपटाचा पडदा होता तिथे आता रिकामा मंच होता. उर्वीच्या शरीराची सगळी मोजमापं, तिचा जन्म, तिची झोप, तिचं खाणं हे छाया काढणाऱ्या यंत्राला दिलेलं होतं, आणि त्याच्याकडे लाखो माणसांच्या शरीरांचा वर्षानुवर्षांचा इतिहास होता. त्यातून ते या शरीराला पुढे पुढे नेत होतं. जशी चाललीय तशीच चालत राहिली तर पंचेचाळिसाव्या वर्षी ही कुठे पोचेल, ते हवेत उजेडाने काढून दाखवत होतं.

मंचावर उजेडाचा एक जिना उभा राहिला. मध्ये एक चौथरा, तिथे वळण, आणि पुन्हा पायऱ्या. खालच्या पायरीवर एक बाई आली.

तिच्या अंगात राखी रंगाचा साधा झगा होता. तो सगळ्यांच्याच छायांना असतो, डॉक्टरांनी सांगितलं. यंत्राला शरीर कळतं, कपडे कळत नाहीत. बाई चढू लागली. प्रत्येक पायरीवर पाय ठेवण्याआधी खाली बघत होती, कारण पावलांना जमीन नीट कळत नव्हती. चौथऱ्यावर पोचल्यावर ती थांबली. एक हात भिंतीला, एक कमरेवर. श्वास खांद्यांपर्यंत येत होता. मग ती हळूच खाली टेकली, आणि अंधारात, नेमकी उर्वी उभी होती त्या दिशेला बघत राहिली.

चेहरा उर्वीचा होता. रुंद झालेला, थकलेला, डोळ्यांखाली सुजलेला. आणि तो शैलजाचाही होता.

"हा सिनेमा आहे," शैलजा म्हणाली. तिने उर्वीचा दंड धरला. "चल घरी."

*

उर्वीचे वडील महांतेश रेल्वेत सिग्नल दुरुस्तीच्या कामावर होते. बोलणं कमी. दोघींचं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "तांबडा दिवा लागला तर गाडी थांबवून बघायचं असतं. जाऊ दे तिला." शैलजा भाकरी थापत होती. तिने फक्त तवा जरा जोरात आपटला.

मग उर्वी दर शनिवारी शाळा सुटल्यावर एकटीच केंद्रात जाऊ लागली. डॉक्टरांनी तिला सांगितलेल्या गोष्टी काही अचाट नव्हत्या. स्नायू वाढवायचे, कारण खाल्लेली साखर सगळ्यात जास्त तेच ओढून घेतात. त्यासाठी दोरीवरच्या उड्या, उठाबशा, ओझं उचलणं. जेवताना आधी भाजी, उसळ, डाळ, मग भाकरी किंवा भात. जेवल्यावर बसून न राहता थोडं चालायचं. वेळेवर झोपायचं. आणि दुपारच्या खाण्यातलं गोड हळूहळू कमी करायचं.

घरात याचा अर्थ एकच होता: शैलजाने पुढे केलेली वाटी परत करायची. दूध, तूप, गूळ आणि कुस्करलेली पोळी. उर्वीला दात नव्हते तेव्हापासून ती वाटी रोज समोर यायची, आता शाळेतून आल्यावर. पहिल्या दिवशी उर्वीने "नको" म्हटलं तेव्हा शैलजाला वाटलं, पोट बिघडलंय. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "थोडं तरी." तिसऱ्या दिवशी तिने वाटी उचलून आत नेली, आणि त्यानंतर ती उर्वीशी बोलेनाशी झाली.

भांडण नव्हतं. पान वाढलं जायचं, डबा भरला जायचा, गणवेशाला इस्त्री व्हायची. पण शैलजाला मुलीशी बोलायचं म्हणजे काहीतरी भरवत बोलायचं, हेच माहीत होतं. हात रिकामा झाल्यावर तिला शब्द सुचेनात. उर्वीलाही सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं. भरल्या खानावळीत दोघी एकमेकींच्या बाजूने पाण्यासारख्या वाहून जायच्या.

शनिवारी मात्र ती बाई असायची.

डॉक्टर मोजमापं घेऊन आपल्या खोलीत जायच्या आणि उर्वीला मंचासमोर बसू द्यायच्या. उजेडाचा जिना उगवायचा. बाई खालून यायची, चढायची, चौथऱ्यावर टेकायची आणि अंधारात बघत बसायची. तिच्या बघण्याला काही अर्थ नव्हता, दमलेलं शरीर कुठेतरी बघतच असतं. पण उर्वी तिथे बसायची, त्यामुळे ती उर्वीकडे बघायची.

उर्वीने तिला नाव दिलं, थोरली. मग हळूहळू तिला घर दिलं. नदीकडे तोंड असलेलं, दुसऱ्या मजल्यावरचं. त्या घराच्या गॅलरीत तुळशीच्या शेजारी एक लिंबाचं झाड कुंडीतच म्हातारं झालेलं होतं. थोरली तंबोऱ्यांवर हस्तिदंती रंगाची नक्षी काढायची, तिच्या बोटांवरून ते दिसायचंच, असं उर्वीला वाटे. ती जिना चढून घरी चाललेली असायची, आणि वाटेत, दम खाता खाता, उर्वीचं ऐकून घ्यायची.

उर्वी तिला सगळं सांगायची. गणिताच्या पेपरात काय राहिलं. शेजारी बसणाऱ्या स्नेहलने दुसऱ्या बाकावर जागा का बदलली. आई आज एक वाक्य बोलली, 'पाणी गरम आहे' एवढंच. थोरली कधी मध्ये बोलायची नाही, कधी काही पुढे करायची नाही. तिरक्या उजेडातली धूळ तिच्या आरपार तरंगत जायची, आणि उर्वीला वाटायचं, आपण पाण्याखाली आहोत, दोघी, आणि वरचं जग खूप लांब आहे.

एका शनिवारी थोरली पुसट आली.

उर्वीला वाटलं, यंत्र बिघडलं. चौथऱ्यावर जे बसलं होतं त्याला खांदे होते, केस होते, पण चेहरा धुक्यातल्या दिव्यासारखा पसरलेला होता. ती धावत डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर खूश झाल्या. "अगं, ही तर छान गोष्ट आहे! आधी तुझ्या पुढच्या बहुतेक वाटा त्या बाईकडे जात होत्या, म्हणून ती स्पष्ट दिसायची. आता तू बदलतेयस. वाटा फाकल्यात. यंत्राला कुठलाच एक चेहरा काढता येत नाहीये."

"मग ती कुठे जाईल?"

"कोण?"

उर्वीने दप्तर उचललं.

घरी जाताना तिने स्टेशनसमोरच्या बेकरीतून क्रीमरोल घेतले आणि रस्त्यात उभं राहून खाल्ले. भूक नव्हती, चवही लागली नाही. औषध घ्यावं तसे तिने ते गिळले. दुसऱ्या दिवशीही गेली. जेवल्यावर चालणं तिने सोडलं, दोरी दप्तराच्या तळाशी गेली. उसाचा रस, क्रीमरोल, पुन्हा रस. अंग जड झालं, वर्गात डोळे मिटू लागले. दंडावरची पट्टी सगळं गुपचूप टिपत होती.

शनिवारी थोरलीचे ओठ परत आले होते. त्याच्या पुढच्या शनिवारी डोळे.

*

डॉक्टरांनी शैलजाला फोन केला तेव्हा खानावळीत दुपारची पंगत बसलेली होती.

"ताई, उर्वीचं बिघडतंय. आणि चुकून बिघडत नाहीये, मला वाटतं ती मुद्दाम करतेय. का ते मला सांगत नाही. आत्ता इथेच आहे. तुम्ही येता का?"

शैलजाने वाढणं कामाच्या बाईच्या हाती दिलं आणि पिठाच्या हातांनीच रिक्षात बसली.

चित्रपटगृहाचं जड दार तिने ढकललं. आत अंधार होता, आणि अंधाराच्या टोकाला तो जिना. चौथऱ्यावर ती बाई बसलेली. खाली मंचाच्या कडेला उर्वी, गुडघ्यांभोवती हात घालून. ती बोलत होती, आणि या जागेत हळू बोललेलंही भिंतींना लागून मागपर्यंत यायचं.

"आज मी चार खाल्ले. मळमळतंय. तू दिसतेस बघ आता नीट. भुवईसुद्धा आली." तिने हनुवटी गुडघ्यांवर टेकली. मग, "आई अजून बोलत नाही. तू तरी जाऊ नकोस."

शैलजा तिथेच उभी राहिली. मग ती मधल्या रिकाम्या जागेतून चालत पुढे गेली, मंचाच्या बाजूच्या लाकडी पायऱ्या चढली, दोन चढल्यावर थांबली, एक हात भिंतीला, एक कमरेवर. दम खाऊन पुन्हा चढली आणि त्या उजेडाच्या बाईशेजारी जाऊन मंचावर बसली.

उर्वी बघत राहिली. दोन बायका शेजारी शेजारी बसल्या होत्या. एकीचा श्वास ऐकू येत होता, दुसरीचा नाही. एवढाच फरक होता.

"आई," उर्वी म्हणाली. आणि मग वेगळ्याच आवाजात, "आई, तुझं पाऊल."

शैलजाने खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. ती रिक्षात राहिली की दारात, तिला सांगता येईना. टाचेखाली फरशीवर ओलं, काळपट काहीतरी होतं. मागे, अंधारातून ती आली त्या वाटेवर, तसेच ठसे उमटले होते.

"अगं बाई," शैलजा नवलाने म्हणाली. "कधी लागलं हे?"

डॉक्टर आवाज ऐकून बाहेर आल्या. त्यांनी दिवे लावले. उजेडात जिना आणि त्यावरची बाई फिकट झाली, पण गेली नाही. डॉक्टरांनी टाचेतून काचेचा तुकडा काढला, जखम धुतली, पट्टी बांधली. शैलजाने एकदाही पाय मागे घेतला नाही. तेव्हा डॉक्टरांनी खिशातून एक नायलॉनचा ताठ धागा काढला.

"ताई, डोळे मिटा. पायाला काही लागलं की सांगा."

शैलजाने डोळे मिटले. डॉक्टरांनी धागा अंगठ्याला टेकवला. मग करंगळीला. मग तळव्याला, धागा वाकेपर्यंत.

"लावा की," शैलजा डोळे मिटूनच म्हणाली. "वाट बघतेय मी."

उर्वीने तोंडावर हात दाबला.

वाट बघून शैलजाने डोळे उघडले. धागा तिच्या तळव्याशी होता. तिने तो बघितला, डॉक्टरांकडे बघितलं, आणि मग शेजारच्या फिकट बाईकडे कितीतरी वेळ बघितलं.

"ही मीच आहे होय," ती म्हणाली.

"तुमची साखर कधी तपासली होती?"

"मला काय झालंय? दिवसभर उभी असते मी." हे ती सवयीने म्हणाली. मग तिने उर्वीला हाताने जवळ बोलावलं. उर्वी मंचावर येऊन तिच्या पुढ्यात बसली. तिला आईच्या अंगाचा वास आला, पिठाचा आणि धुराचा, आणि ती रडू लागली.

"मी बोलत नव्हते म्हणून हिच्याशी बोलत होतीस?"

उर्वीने मान डोलावली.

"आणि ही जाऊ नये म्हणून स्वतःला आजारी पाडत होतीस?"

"ती गेली असती आई. मी बरी झाले असते तर ती कुठेच राहिली नसती."

शैलजाने पिठाळ हात पदराला पुसले, पण ते कुठे ठेवावेत ते तिला कळेना. शेवटी तिने ते उर्वीच्या डोक्यावर ठेवले.

"तुला पेटीतून काढून माझ्या हातात दिली ना, तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले होते, भरवत राहा. बोंडल्याने, कापसाने, कशानं का होईना, भरवा, नाहीतर हाताला लागणार नाही. मी भरवलं. थेंब थेंब. तू जगलीस." ती थांबली. "कधी थांबायचं ते कुणी सांगितलंच नाही गं."

डॉक्टर मुजावर आपल्या खोलीकडे वळल्या होत्या. त्या दाराशीच उभ्या राहिल्या, आणि मग आत न जाता त्यांनी हळूच यंत्र बंद केलं.

*

शैलजाला मधुमेह होता, आणि बरीच वर्षं होता. रक्तदाबही होता. गोळ्या सुरू झाल्या. पायांना जे कळेनासं झालं होतं त्यातलं फार परत येणार नाही, पण पुढचं थांबवता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिच्या वयाला फाटकाशी उभं राहून पाहुणे परत पाठवता येत नाहीत. घरात आलेल्यांना कोपऱ्यात बसवून ठेवायचं असतं.

महांतेशनी तिला जाड तळाचे, बंद बूट आणले. साडीवर ते घालायला तिला लाज वाटली. म्हणून ती आणि उर्वी पहाटे, लोक नसताना, कृष्णेच्या घाटाकडे चालायला जाऊ लागल्या.

थंडीचे दिवस होते. नदीवर धुकं इतकं असायचं की पलीकडचा काठ नव्हताच. घाटावरच्या जुन्या समाध्यांची शिखरं धुक्यात अधांतरी तरंगायची. एखादी होडी दिसायची आणि होती का नव्हती अशी विरून जायची. दोघी सुरुवातीला मुकाट चालायच्या. मग शैलजाने एक दिवस तिच्या माहेरच्या तंटामुक्त गावातल्या दोन चुलत्यांच्या भांडणाची गोष्ट सांगितली, आणि उर्वी इतकी हसली की तिला उकिडवं बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी उर्वीने स्नेहलचं सांगितलं. हात रिकामे असतानाही बोलता येतं, हे शैलजा त्या घाटावर शिकली. जमलं नाही की ती नुसतीच उर्वीचं बोट धरायची.

खानावळीत डाळीचं मोठं पातेलं उतरवायचं काम उर्वीने घेतलं. आधी दोघी मिळून उतरवायच्या, मग ती एकटी. पानात आधी उसळ आणि काकडी येऊ लागली, भाकरी मागाहून. विजापूरच्या एका म्हाताऱ्याने तक्रार केली, "शैलाक्का, आधी पोट भरायचं सोडून हे काय शेळीसारखं?" शैलजा त्याला म्हणाली, "खा की मुकाट्यानं. भाकरी कुठं पळून जात नाही." दूध-गुळाची ती वाटी मात्र घरातून गेली नाही. सणावारी ती यायची, एकच, आणि दोघी दोन चमच्यांनी तिच्यातून खायच्या.

सगळं सरळ झालं असं नाही. शैलजा दोनदा गोळ्या सोडून बसली. उर्वीला परीक्षेच्या दिवसांत बेकरीचा रस्ता आपोआप सापडायचा. एकदा दोघी एकमेकींना बेकरीतच भेटल्या, आणि काही न बोलता, काही न घेता, बरोबरच बाहेर पडल्या.

पुढच्या वर्षी, दहावीची परीक्षा संपल्यावर, डॉक्टर मुजावरांनी उर्वीला बोलावलं. "एकदा येऊन बघून जा," त्या म्हणाल्या. "यायलाच पाहिजे असं नाही."

उर्वी बराच वेळ विचार करत होती. मग शैलजाला म्हणाली, "तू येशील?"

चित्रपटगृहात तीच तिरकी दुपार होती. उर्वीचं यकृत आता स्वच्छ होतं. तिच्या मुठीत जोर होता. वजन वाढलं होतं, आणि ते जिथे असायला हवं तिथे होतं. डॉक्टर हे सगळं सांगत होत्या, पण उर्वीचं लक्ष मंचाकडे होतं.

जिना उगवला. खालच्या पायरीवर एक बाई आली.

तिच्या अंगातही राखी झगाच होता. पण ती पायरीकडे बघत नव्हती. ती चढली, एका लयीत, हात मोकळे सोडून. चौथऱ्यावर आली, वळली, तिथे थांबली नाही, अंधारात बघितलं नाही. तिचा चेहरा वळणावर जेमतेम दिसला, आणि मग पाठ, आणि मग वरच्या पायऱ्या. उजेड जिथपर्यंत पोचत होता त्याच्याही वर ती निघून गेली.

जिना रिकामा राहिला. धूळ त्यातून तरंगत होती.

उर्वी चौथऱ्याकडे बघत राहिली. तिथे कुणी येऊन टेकेल असं तिला उगीचच वाटत होतं. थोरलीचा निरोप घ्यायचा राहूनच गेला होता. ती कुठल्या दिवशी गेली तेही कळलं नव्हतं. छातीत काहीतरी दुखलं आणि ते तिने दुखू दिलं.

शैलजाने तिच्याकडे वळून बघितलं. "कशी वाटली?"

"माहीत नाही," उर्वी म्हणाली. "ती बघतसुद्धा नाही माझ्याकडे. ओळखीचीच वाटली नाही."

शैलजा खुर्चीच्या दांड्याचा आधार घेऊन उठली, बुटांचे पट्टे चाचपून बघितले आणि लेकीला हात दिला.

"होईल ओळख, अजून तीस वर्षं आहेत," ती म्हणाली. "तिला घाई आहे, तुला नाही."